आईबापापासून फारकत पाहिजे

वकिलाच्या ऑफिसात निकाल लागलेल्या फायली माळ्यावर जातात, किस्से मात्र खालीच राहतात. कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, की एकाला काहीतरी आठवतं आणि मग दुसऱ्याला राहवत नाही. अमरावतीच्या माझ्या ऑफिसात आम्ही दोघंच. मी आणि आमचे टायपिस्ट भगतकाका. नवरा-बायकोची भांडणं टाइप करण्यात काकांचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांच्याकडे साठा मोठा. पण आमच्या डब्यापाशी सगळ्यात जास्त वेळा निघते ती श्रावस्ती. एका पोरीचे इतके किस्से झाले की आता इथे निवडूनच सांगते.

*

पहिल्यांदा ती आली तेव्हा दहावीत होती. शाळेचा ड्रेस, पाठीवर दप्तर. थेट येऊन पक्षकाराच्या खुर्चीवर बसली.

काकांनी विचारलं, "आई कुठी हाय बाई तुही?"

"ड्यूटीवर."

"अन् बाबा?"

"अकोल्याले."

"मंग केस कोनाची हाय?"

"माही. त्या दोघायच्या विरोधात."

मी चष्मा काढून नीट पाहिलं तेव्हा ओळख पटली. वैशालीताई म्हणजे माझ्या पक्षकार, इथल्या एका दवाखान्यात नर्स. त्यांचे मिस्टर मिलिंदसर बाळापूरकडच्या शाळेत शिक्षक, राहायला अकोल्यात. दोघं दोन वर्षांपासून वेगळे. घटस्फोटाची केस चालू होती आणि मुलीच्या ताब्यासाठी दोघांचेही अर्ज होते. ती मुलगी म्हणजे ही.

"वकीलबाई, तुमी आईच्या वकील हाय ना? आता माह्या व्हा."

मी म्हटलं, "अगं, एकाच घरातले दोन पक्षकार मला घेता येत नाहीत."

"मले त्या घरातलंच तर नाही राहाचं. तीच त केस हाय."

तिनं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं. बाहेरदेशात म्हणे अठराच्या आतली पोरंही कोर्टात जातात आणि आईबापापासून मोकळी होतात. तसा कागद तिला पाहिजे होता. मी समजावलं की आपल्या कायद्यात अशी सोय नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत कोणीतरी पालक असावाच लागतो.

तिनं टेबलावरचा पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "फारकत नवरा-बायकोलेच भेटते काय? भांडन त तिघायच्या घरात झालं."

*

हे वैशालीताईंपासून लपवून ठेवणं मला शक्य नव्हतं. तसं मी श्रावस्तीलाही सांगितलं. "सांगा," म्हणाली, "मी सांगतलं त ते आयकून घेत नाही."

संध्याकाळी ताई ड्यूटीवरून परस्पर ऑफिसात आल्या. मी सगळं सांगितलं. मुलगी आली होती, तुम्हा दोघांपासून वेगळं व्हायचं म्हणते, कायद्यात बसत असतं तर तिनं आजच सही केली असती, वगैरे. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मिलिंदसरांनीच शिकवून पाठवली म्हणतील. पक्षकार असंच म्हणतात.

त्या हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या.

म्हणाल्या, "दुपारी आली होती म्हणता. डबा खाल्ला होता काय तिनं?"

*

मूर्तिजापूरची गोष्ट मला स्वतः श्रावस्तीनंच सांगितली.

कोर्टाचा तात्पुरता हुकूम असा होता की पोरगी आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे. दोघांनीही एकमेकांच्या दारात पाय ठेवायचा नाही, म्हणून अकोला आणि अमरावतीच्या मधातलं मूर्तिजापूर ठरलं. शनिवारी आईनं तिथल्या बसस्टँडवर आणून सोडायचं, रविवारी वडिलांनी. दोघं दहा फुटांवर उभे राहायचे आणि एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून पोरीमार्फत बोलायचे.

"आईले सांग, तुह्यं स्वेटर त्या बॅगमधे हाय."

"बाबाले सांग, मागच्या वेळी पुस्तक तिकडंच राहिलं."

"आईले सांग, मंग तिनं बॅग पाहाले पाहिजे होती."

एका रविवारी श्रावस्ती दोघांच्या बरोबर मधल्या बाकावर जाऊन बसली. अकोल्याची गाडी लागली, उठली नाही. अमरावतीची लागली, तरी उठली नाही. आई म्हणाली चल. वडील म्हणाले जा. ही दप्तर मांडीवर घेऊन तशीच.

शेवटी स्टँडचा कंट्रोलर खिडकीतून बाहेर आला. "काय पोरी, कुठी जाचं हाय तुले?"

"कुठीच नाई काका. मी इथलीच हाय. मूर्तिजापूरची."

कंट्रोलरनं आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. मग तो त्या दोघांना म्हणाला, "मंग तुमी दोघं कावून थांबले? तुमच्या गाड्या लागल्या ना."

*

तिसऱ्या खेपेला ती पेपरचं एक कात्रण घेऊन आली. जाहीर सूचना. कुण्या बापानं छापलं होतं की माझा मुलगा माझ्या म्हणण्यात नाही, त्याच्याशी माझा काही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये.

"आईबाप देऊ शकते, त पोरगी कावून नाही?"

तिनं वहीच्या पानावर मजकूरही लिहून आणला होता. काकांनी तो मोठ्यानं वाचला :

"तमाम लोकांना कळविण्यात येते की, माझे आईवडील यांच्या भांडणाशी माझा कोणताही संबंध नाही व नव्हता. तरी दोघांपैकी कोणीही मला निरोप सांगण्यासाठी वापरू नये. वापरल्यास तो निरोप पोचणार नाही."

काकांनी पान पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. मग नीट घडी घालून तिच्या हातात दिलं.

"हे पेपरात नको देऊ पोरी. हे छापून आलं त अर्ध्या अमरावतीचे पोट्टे कात्रन काढून घरी भिंतीले लावतीन. मले किती घरच्या केसा टाइप करा लागन मंग."

जाताना मात्र त्यांनी तिला थांबवलं आणि ती सूचना आमच्या लेटरहेडवर नाही, पण साध्या कोऱ्या कागदावर टाइप करून दिली. दोन प्रती काढल्या. एक अकोल्यासाठी आणि एक अमरावतीसाठी.

*

त्या प्रतीमुळेच मिलिंदसर माझ्या ऑफिसात आले. समोरच्या पक्षाच्या वकिलाकडे पक्षकारानं असं येऊ नये. मी म्हटलं, "सर, तुम्ही तुमच्या वकिलांमार्फत या."

"मी केसचं बोलाले नाही आलो मॅडम. तिनं अजून काही लिहून ठेवलं हाय काय, तेवढं पाहाचं होतं."

लिहिलं होतं. न्यायाधीशांसाठी तिनं स्वतःच्या हातानं चार पानी अर्ज लिहून माझ्याकडे ठेवला होता, मुद्द्यांना नंबर घालून. तिनंच सांगितलं होतं की बाबा आले तर दाखवा. मी दिला.

सर मराठीचे शिक्षक. बसल्या बसल्या त्यांचा हात खिशाकडे गेला आणि लाल पेन बाहेर आलं. सवयच ती. पहिल्या पानावर तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. दुसऱ्या पानावर एक अनुस्वार दिला. "वाक्यरचना चांगली हाय," असंही म्हणाले, मला नाही, स्वतःलाच.

तिसऱ्या पानावर आठवा मुद्दा होता. "मी चिडली की आई म्हणते, बापावर गेली. मी रडली की बाबा म्हणतात, आईसारखं नको करू. तरी मी कोणासारखं करावे, हे कोर्टानं सांगावं."

पेन त्या ओळीवर थांबलं. त्या ओळीत एक चूकही होती. "करावे"च्या जागी "करावं" पाहिजे होतं, बाकीचा सगळा अर्ज बोलीतच होता. सरांनी ती सुधारली नाही. पेनला टोपण लावलं, पानं जुळवली आणि मला परत दिली.

दारापाशी जाऊन म्हणाले, "चौथं पान मी घरी नाही वाचू शकत काय मॅडम?"

काकांनी झेरॉक्स काढून दिली.

*

पुढच्या तारखेला न्यायाधीशमॅडमनी मुलीला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं. आत काय झालं ते नंतर मॅडमनीच आम्हा दोन्ही वकिलांना आणि आईवडिलांना बोलावून सांगितलं.

त्यांनी विचारलं होतं, "तुला कोणाकडे राहायचंय?"

"आयटीआयच्या होस्टेलले. वायरमनचा ट्रेड घ्याचा हाय."

वडिलांना तिला सायन्सला टाकायचं होतं आणि आईला नर्सिंगला. त्यावरही अर्जांत दोन-दोन पानं होती. मॅडमनी विचारलं, "वायरमनच का गं?"

"मले येते म्हणून."

एवढं सांगून मॅडमनी मिलिंदसरांकडे पाहिलं. "तुमच्या घरचा फ्यूज उडाला तर कोण घालतं?"

सर म्हणाले, "ती शनिवारी येते तेव्हा..." आणि थांबले.

"आणि ताई, तुमच्या?"

वैशालीताई खाली पाहत म्हणाल्या, "तीच घालते."

मॅडम म्हणाल्या, "दोन घरांचं लाइट हिच्या भरवशावर चालू आहे, आणि तुम्ही मला विचारताय की ताबा कोणाचा."

त्या दिवशी दोघांनी लिहून दिलं. पोरगी होस्टेलला राहील, ट्रेड तिच्या मर्जीचा, आणि सुट्टीला कुठं जायचं ते ती ठरवेल.

*

प्रवेशाच्या दिवशी मीही गेले, कारण वॉर्डनना कोर्टाच्या हुकमाची प्रत पाहिजे होती. आईवडील दोघंही आले होते, दोन वेगवेगळ्या रिक्षांतून. श्रावस्तीनं टेबलापाशी उभं राहून फॉर्म भरला आणि त्यातल्या एका रिकाम्या जागी येऊन थांबली.

वॉर्डन म्हणाल्या, "इथं पालकाचं नाव. काही झालं तर आम्ही त्यांनाच फोन करणार."

दोन वर्षं त्या एका जागेसाठी मी शपथपत्रं लिहीत होते, आणि समोरचे वकीलही. मी वैशालीताईंकडे पाहिलं. त्या मिलिंदसरांकडे पाहत होत्या. मधे पोरगी उभी होती, तरी पहिल्यांदाच त्या सरळ त्यांच्याशी बोलल्या.

"तुमचंच लिवू द्या. ड्यूटीवर असली त मले फोन उचलता येत नाही."

सर म्हणाले, "मी अकोल्याले राह्यतो. पोरीले रातच्याले ताप आला त मी येऊन पोचन कवा? तुह्यं लिव."

"तुमचं अक्षर चांगलं हाय."

"अक्षराचं काय हाय त्यात?"

आमच्या मागे रांग लागली होती. वॉर्डन म्हणाल्या, "लवकर ठरवा. दोघांपैकी एक."

श्रावस्तीनं पेन उचललं. "दोघायचं लिवते."

"ओळ एकच आहे बाई. दोन नावं बसत नाहीत तिथं."

ती फॉर्मवर वाकली.

"बसते मॅडम. मी बारीक लिवते."