हरकत घेणारा नवरदेव

हडपसरच्या त्या चर्चमध्ये अनुग्रह साळवे मिसरूड फुटायच्या आधीपासून पेटी वाजवत होता. व्हावं तर अनुग्रहसारखं, असं आया आपल्या मुलांना सांगत. ते कानावर पडलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

कारण बुधवार पेठेत स्पीकर दुरुस्त करणारा अनिरुद्ध. आईला तो मित्र म्हणून माहीत होता, पण अनुग्रहचा जीव त्याच्यावर होता. शनिवारी त्याच्याकडे जायचं आणि रविवारी प्रभूपुढे मान खाली घालून बसायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. माझ्यातलं हे काढून घे, अशी प्रार्थना त्याने गुडघे दुखेपर्यंत केली. देवाने काही काढून घेतलं नाही. शेवटी आईने आणलेल्या स्थळाला त्याने होकार दिला आणि आता येणार नाही, असं अनिरुद्धला फोनवर कळवून टाकलं.

अनिरुद्धने एवढंच विचारलं, “तिला सांगितलंस का?”

नव्हतं सांगितलं. पद्मजा लोणी काळभोरची, नर्स, मनमोकळी मुलगी. तिच्याशी बोलताना त्याची जीभच उचलत नसे.

चर्चच्या मंडळीत कुणाचं लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात, आणि कुणाची हरकत असल्यास सांगावी, असं पाळकसाहेब विचारतात. विचारतात कसले, घोटभर पाणी पितात आणि पुढच्या गीताचा नंबर सांगतात. हरकत घेतलेली कुणी पाहिली नव्हती.

पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा अनुग्रहने पेटीवरून नजर उचलली नाही. हरकत ठाऊक असलेला माणूस तिथे एकच होता आणि तो पेटीवर बसला होता. दुसऱ्या रविवारीही तो मूग गिळून बसला. तिसऱ्या रविवारी पद्मजा आईवडिलांबरोबर आली, पुढच्या बाकावर बसली आणि त्याच्याकडे बघून विश्वासाने हसली. ते हसू त्याला सोसवेना. पाळकसाहेबांनी विचारलं आणि ग्लासाला हात घातला, तोच तो उभा राहिला.

“हरकत आहे,” तो म्हणाला. “माझीच.”

पाळकसाहेब म्हणाले, नंतर आत येऊन बोल. पण आत गेलो तर पुन्हा गप्प बसू, हे तो ओळखून होता. माझं एका पुरुषावर प्रेम आहे, ते मी या मुलीपासून लपवलं, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. आईने पदरात तोंड लपवलं. दोन-चार जण उठून गेले. शेवटचं गीत पेटीविनाच उरकलं.

बाहेर पद्मजा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती मुस्काटात मारेल, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

“पहिल्या रविवारी ठाऊक होतं ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“होतं.”

“आमच्या चर्चमध्येही नावं वाचली. बायका गळ्यात पडून आशीर्वाद देत होत्या मला. आणि मी घेत होते.”

ती निघून गेली.

पुढच्या रविवारी तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. येऊ नकोस, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं, ये असंही नव्हतं. पण जायला त्याला दुसरं घर नव्हतं. मनातल्या मनात पाप कबूल करायची वेळ आली. त्याने डोळे मिटले. पहिल्यांदाच त्या कबुलीत अनिरुद्धचं नाव आलं नाही. पद्मजाचं आलं.