झालं आमचं, उघडा

आमच्या गावाला शहर म्हणायचं की गाव, हा वाद नगर परिषदेनं कमान उभारून मिटवला. आर्णीकडून येताना ती लागते. 'शहरात आपले सहर्ष स्वागत आहे' असं तिच्यावर लिहिलंय. कमानीनंतर बराच वेळ दोन्ही बाजूंना कपाशीच असते, मग शहर येतं. पाहुणे विचारतात, कमान इतक्या अलीकडे कशाला? मी सांगतो, शहर तिथपर्यंत येणार आहे, कमान जरा लवकर पोचली.

मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. म्हणजे खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. मुकुटबनकडे जाणारी गाडी महागावची म्हणून पुकारली आणि भरल्या पिशव्यांसकट माणसं उलट्या दिशेला धाडली, असे पराक्रम माझ्या खात्यावर आहेत. परत आलेले प्रवासी खिडकीशी येऊन शिव्या द्यायचे, पण जाताजाता एखादा म्हणायचा, आवाज मात्र चांगला हाये बा तुमचा. शिव्या मी विसरलो, ते वाक्य लक्षात ठेवलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमची गल्ली उताराची. माझं घर सगळ्यात खाली, नाल्याच्या अंगाला. जुन्या पाइपलाइनला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. आलं की सगळ्यात आधी माझ्या नळाला कळायचं. तोटीतून आधी हवा यायची, दम्याचा माणूस जिना चढल्यासारखी. मग थेंब. आता खालच्यानं तोटी उघडून बादली लावली की वरच्या घरांना पाणी चढायचं नाही. म्हणून लग्न होऊन आल्यावर काही दिवसांतच माझ्या बायकोनं गल्लीला एक रीत लावून दिली. नळात हवा आली की ती फाटकाशी उभी राहून लाटण्यानं ताट वाजवायची. ते ऐकून वरची घरं पाइप लावायची. आणि वरच्यांचं भरेपर्यंत आमची तोटी बंद. सगळ्यांचं झालं की वरून कोणीतरी फाटकाशी यायचं आणि सांगायचं, "झालं आमचं, उघडा."

ते सांगायला येणारं माणूस नुसतं सांगून जायचं नाही. फाटकाला टेकायचं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कोणाचा जावई रुसला, हे सगळं आमच्या रिकाम्या ड्रमांच्या साक्षीनं बोललं जायचं. बायको चहा टाकायची. मी अधूनमधून, "अगं, पाणी जाईल," म्हणायचो. ती म्हणायची, "पाणी परत येईल हो, माणूस आलंय ते बघा." दोनतीनदा पाणी खरंच गेलं. तेव्हा मी आठवडाभर तांब्यानं आंघोळ केली आणि तिला ऐकवलं. आता वाटतं, ऐकवायला माणूस होतं ही केवढी सोय होती.

ताट तिच्या माहेरचं. आंदणातलं. मागच्या बाजूला दुकानदारानं टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरून दिलेलं. सुरुवातीला त्यात ती जेवायची. मग वाजवून वाजवून त्याला इतके पोचे पडले की वरण एका जागी थांबेना, आणि ते कायमचं फाटकाजवळच्या खिळ्यावर गेलं.

ती गेली त्यानंतर पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मी आत बसलो होतो. नळात हवा आली, थेंब आले, मला सगळं ऐकू येत होतं. उठलो नाही. त्या दिवशी वरच्या घरांना पाणी मिळालं नाही. दुपारी याडी खाली आली. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला राहते, महागावकडच्या तांड्यातली, लेकासोबत इथं आली आणि सगळ्या गल्लीची याडी झाली. मला वाटलं, भेटायला आली. ती फाटकाबाहेरूनच म्हणाली, "कंट्रोलर, बाई गेली. ताट तं हाये ना?"

दुसऱ्या खेपेपासून मी वाजवायला लागलो. बायकोसारखं दोनदा टण् करून गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी ताट वाजवून वर घोषणाही द्यायचो. नळाला पाणी आलेले आहे, वरच्या घरांनी कृपया लक्ष द्यावे. याडी वरून ओरडायची, "तोंड कायले वाजवता, ताट वाजवा." पण माणसं येत राहिली. झालं आमचं, उघडा. चहा मी करायचो. फिका व्हायचा, पण कोणी नावं ठेवली नाहीत. माझ्या घरात माणसाचा आवाज यायचा तो पाण्याच्या दिवशी. एरवी मी आणि टीव्ही. टीव्हीला मी उत्तरं देत असे.

मग प्रगती आली.

टेकडीवर नवी टाकी उभी राहिली. गल्ल्या खोदल्या, नवे पाइप टाकले, प्रत्येक घराला वेगळं कनेक्शन, मीटरसकट. आता पाणी रोज, ठरल्या वेळी, वर आणि खाली सारख्या जोरानं येणार. चांगलंच झालं, यात मला शंका नाही. याडीच्या सुनेचा खांदा हंडे वाहून कायमचा दुखरा झाला होता. मीच तर वॉर्डाच्या सभेत चारदा उभा राहिलो होतो त्या योजनेसाठी. म्हणून उद्घाटनाला गल्लीतर्फे दोन शब्द बोलायला आमच्या नगरसेवकानं मलाच बोलावलं. म्हणाला, "काका, ते ताट बी आना संगं. लोकायले मजा येईन."

माझ्या हातात माइक द्यायचा नाही, हे एसटीतल्या साहेबांना कळलं होतं. नगर परिषदेला कळलं नव्हतं.

मी उभा राहिलो. समोर मांडव भरलेला. इतकी माणसं माझ्याकडे बघतायत हे स्टँड सुटल्यापासून पहिल्यांदाच. मी ताट वाजवलं. लोक हसले. मग मी स्टँडच्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्या. गेली कित्येक वर्षं उशिरानं धावणारी पाण्याची गाडी आता आपल्या दारात लागत आहे." टाळ्या पडल्या. इथं बसायला हवं होतं. पण टाळ्या थांबल्या की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी म्हणालो, या ताटाची आता गरज उरली नाही, म्हणून गल्लीच्या वतीनं हे मी प्रमुख पाहुण्यांना अर्पण करतो. आणि केलं. पाहुण्यांनी ते दोन्ही हातांनी उंच धरलं, फोटो निघाले, टाळ्या मघापेक्षा मोठ्या पडल्या. त्या टाळ्यांचा आवाज घरी येईपर्यंत कानात होता. फाटक उघडलं तर खिळा दिसला.

पाहुण्यांच्या भाषणातलं एक वाक्य मला आठवतं. ही टाकी आजच्यापुरती नाही, पुढच्या दोन पिढ्यांची लोकसंख्या धरून बांधली आहे. मी मनात माझ्या घराची पुढची लोकसंख्या धरून पाहिली. हिशेब फार सोपा निघाला.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. कोणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला होता. मी फुशारून विचारलं, "कसा बोललो?"

ती म्हणाली, "छान बोललात. बाबा, ते आईचं ताट होतं ना?"

मी म्हणालो, "हो, त्याचं काय."

"काही नाही," म्हणाली. मग तिकडची दुसरीच काहीतरी गोष्ट काढली. माझी मुलगी आईवर गेलीय. दोनदाच वाजवते.

नवं पाणी आलं. सकाळी ठरल्या वेळी, हवाबिवा काही न येता, एकदम. पण माझा हात तोटीकडे जाईना. मी बंद तोटीसमोर उभा राहायचो. वरून कोणी येईल, सांगेल, असं नाही, कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. तरी पाय तिथंच. पाणी आता सगळ्यांकडे एकाच वेळी येत होतं आणि सगळी गल्ली आपापल्या घरात होती. मोटारसायकली फाटकावरून जायच्या, कोणी हात करायचं, कोणी हॉर्न. रस्ताही नवा, सिमेंटचा, त्यावर कोणी थांबत नाही. मग मीच म्हणायचो, "झालं त्यायचं, उघडा," आणि उघडायचो.

ताट परत आणायचं असं मी ठरवलं आणि नगर परिषदेत गेलो. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर विचारलं. तिथला बाबू म्हणाला, "ताट? भांडी आमच्याकडे नाई येत, काका. आरोग्यात पाहा." आरोग्यवाल्यानं स्टोअरला पाठवलं. स्टोअरला कुलूप होतं. कुलपासमोरच्या भिंतीवर शहराच्या पुढच्या वाढीचा मोठा नकाशा लावलेला, म्हणून तो बघत बसलो. रंगीत चौकोन. कमानीपर्यंतची सगळी कपाशी त्यात पिवळी झालेली, म्हणजे वस्ती होणार. बाजूनं जाणाऱ्या, सांडपाणी विभागाच्या एका पोरगेल्या इंजिनिअरनं मला नकाशा वाचताना पाहिलं आणि त्याला माझी दया आली असावी.

"काका, तुमच्यासाठी बी हाये याच्यात." त्यानं बोट ठेवलं. बायपासच्या पलीकडे एक छोटा हिरवा तुकडा. ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र.

"इथं जायचं कसं?"

"रस्ता पुढच्या टप्प्यात हाये."

"आणि विरंगुळा?"

तो हसला. "तो बी पुढच्याच टप्प्यात."

मला तो पोरगा आवडला. आणखी काही विचारून त्याला थांबवून ठेवावं असं वाटलं, पण सांडपाण्याविषयी मला काही शंका नव्हती.

ताट शेवटी दिसलं ते सभागृहात. टेबलावर शाल, नारळ आणि हार मांडून ठेवलेलं, कोणाचा तरी सत्कार होता. मी ओळखलंच नाही. शिपायानं दाखवलं, "हेच तं हाये तुमचं." लखलखीत होतं. एक पोचा नाही. शिपाई खुशीत होता. "लय ठोकरलेलं होतं, काका. पाहुन्यानं हितंच सोडून देल्लं. मी बर्तनवाल्याकडून सारे पोचे काढून घेतले, पालिश मारलं. आता कसं, सत्काराले शोभते."

मी उलटं करून पाहिलं. मागची टिंबं होती. थोडी झिजलेली, पण नाव वाचता येत होतं. पुढून मात्र सगळं सपाट. इतक्या वर्षांत तिनं लाटण्यानं पाडलेला एकेक खळगा त्या भल्या माणसानं पदरचा खर्च करून बुजवला होता. मी म्हणालो, "फार चांगलं केलंत."

"घेऊन जा ना मंग. कोनाचं ताट ठेवून आमाले काय करायचं." त्यानं शाल-नारळ एका ट्रेमध्ये उतरवले आणि ताट वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

ते मी खिळ्यावर टांगलं. दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या वेळेला फाटकाशी उभा राहिलो, लाटणं घेतलं आणि वाजवलं. आवाज आला, पण तो आमच्या ताटाचा नव्हता. खणखणीत, देवळातल्यासारखा. मी जरा जोरात मारलं. मग आणखी जोरात. खरं सांगायचं तर मी पाणी आलं म्हणून वाजवत नव्हतो. मला पोचा पाडायचा होता. घोषणा वगैरे काही दिली नाही.

वरच्या एकदोन दारांतून डोकी बाहेर आली आणि आत गेली. याडी मात्र उतार उतरून आली. गुडघे दुखतात तिचे, थांबत थांबत. फाटकाला टेकली.

"कंट्रोलर, पानी तं आता रोजच येते. काहून वाजवून राह्यले?"

मी म्हणालो, "ताट तपासत होतो."

तिनं खिळ्यावरच्या ताटाकडे पाहिलं. हात लावला. "हे बाईचं नाई. बाईचं असं नाई वाजे."

"बाईचंच आहे. पोचे काढले त्याचे."

"कोन काढले?"

"नगर परिषदेनं."

मला वाटलं, याडी आता हसेल आणि उद्या गल्लीभर सांगेल. ती हसली नाही. मी चहाचं विचारलं. ती म्हणाली, नको, सुनेनं पोळ्या लाटायला घेतल्यात, लाटणं त्यासाठी असतं. हा टोमणा मला होता. मग ती तशीच थांबत थांबत वर गेली. मी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

तोटी बंदच होती. पाणी जायची वेळ होत आली. मी नेहमीचं वाक्य म्हणणार तेवढ्यात वरून, गल्लीच्या टोकावरून, तिचा आवाज आला.

"झालं आमचं. उघडा."

तिनं थट्टेनं म्हटलं की कीव येऊन, ते मी अजून विचारलेलं नाही. मी तोटी उघडली आणि बादली भरेपर्यंत उभा राहिलो. बादली पटकन भरली. नव्या पाइपलाइनला जोर फार आहे.