जलपिंपळी उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा

मंडळी, इथं बागकामाच्या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना विचारूनच मी साताऱ्यातल्या आमच्या अंगणात जलपिंपळी लावली होती. आपल्याच मातीतली, जमिनीलगत पसरणारी, कमी पाण्यावर जगणारी. आता ती थेट उंबऱ्याला टेकलीय.

आज सकाळी मी मागं धुणं धूत होते. फोन घरात, पुढचं दार बंद. पुढं आले तर कडेगावहून आलेल्या सासूबाई फाटकातच उभ्या. चेहरा पांढराफटक, पाऊल आत टाकेनात.

"आत्या, काय झालं?"

"किती फोन केलं तुला! दार बंद, म्होरं रान माजल्यालं. माणूस नसल्याल्या घराम्होरंच असं माजतं, बाय. मला वाटलं, पोराचं काय वंगाळ कळलं..."

त्यांचा मुलगा, माझा नवरा, सीमेवर आहे. चार दिवस त्याचा फोन नाही. तीच भीती मीही गिळून होते.

हे रान नाही, मी हौसेनं लावलंय, असं सांगितल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"ऱ्हाऊ दे मग. पर मधनं वाट ठेव. त्यो आला की त्याला फाटकातनंच कळू दे, घरात माणसं हायती."

तुम्हा सगळ्यांना विचारलं, त्यांनाच विचारायचं राहिलं. तुम्ही विचारता का हो घरच्यांना?

मघाशी आम्ही दोघींनी वाट मोकळी करून सडा टाकला. त्याचा फोन अजून आलेला नाही.