जावयाचे डोहाळे

आताशा पोट्टे येतात माझ्याकडे. ओसरीवर बसतात, पान खातात आणि हळूच विषय काढतात, "बावा, आमाले बी दगडवाल्या साहेबाच्या कामात जायचं हाय. काय काय शिका लागते?" मी हातोडीचं नाव काढत नाही. आधी विचारतो, "लगन झालं काय रे तुयं? सासरा कसा हाय?" ते एकमेकांकडे बघून हसतात. हसा लेकांनो! या धंद्यातली माझी परीक्षा साहेबानं घेतलीच नाही. ती घेतली सासऱ्यानं, आणि तीसुद्धा पाटावर बसवून, ओटी भरून.

ते दिवसच येडे होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि भाव चढला आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा. असा चढला की उतरायचं नावच घेईना! अमरावतीच्या पेठेत गाड्यांची रांग लागायची ती गावाबाहेर निघायची. केसांत रुई, मिशांत रुई, वरणात रुई. ज्यांनी जन्मात नवं धोतर पाहिलं नव्हतं त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. माझ्या सासऱ्यानं तर कमालच केली. गाडीच्या चाकांना चांदीची धाव ठोकली आणि अकोल्याच्या बाजारातून दोन चकरा मारल्या. गाडीत माल काहीच नव्हता. तो एकटाच बसला होता, मिशीला पीळ देत.

आणि अशा सोन्यासारख्या दिवसांत मी लागलो दगडांच्या नादी.

झालं असं, की जमिनीच्या पोटात काय काय आहे ते बघायला सरकारनं एक साहेब धाडला. रिद्धपूरच्या वाटेवर आमराईत त्याचा तंबू पडला. दिवसभर हा बावा नाल्यानाल्यांतून हिंडायचा, दगड फोडायचा आणि फोडलेले दगड पुन्हा कापडात बांधून ठेवायचा. गाव म्हणे, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. त्याला मदतीला माणूस हवा होता. लिहिता येणारा, मुलखाची माहिती असणारा आणि चालून न कुरकुरणारा. मला मोडी येत होती, मुलूख पायाखालचा होता, आणि कुरकुरायचं वय झालं नव्हतं. मी गेलो.

पहिल्याच आठवड्यात त्यानं मला एका दरडीपाशी उभं केलं. वर आमची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा फत्तर. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, हा फत्तर कधीकाळी पातळ होता. तापलेला, वाहता, पाकासारखा. तो थिजला, मग कुजला, त्याचीच ही काळी माती झाली. मी दरडीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि देवाशपथ सांगतो, मी उडीच मारली! म्हणजे आमची कापसाची पऱ्हाटी, तो भाव, त्या शेंब्या, सासऱ्याची ती चांदीची गाडी, सगळं थिजलेल्या जाळावर उभं! आनंदानं मला भोवळ यायची तेवढी राहिली. धावत गावात गेलो आणि पारावर ओरडून सांगितलं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आता थंडा झाला ना तो जाळ? मंग नांगर धर."

पण मी कुठला ऐकतो! त्या दिवसापासून मला जमिनीचं वेडच लागलं. साहेबानं एक एक युक्ती शिकवली. दगड पाहिला त्याच जागी लिहायचं, संध्याकाळवर टाकायचं नाही. दुसऱ्यानं सांगितलेल्या दगडावर विश्वास ठेवायचा नाही, आपण चालत जायचं. आणि मातीची पारख करायची तर जीभ लावायची. चिकणमाती बारीक असेल तर जिभेला चिकटते, वाळू असेल तर दातांखाली करकरते, खारपाणातली असेल तर खारट लागते. हे मला इतकं आवडलं की काय सांगू! नाला दिसला की उतरायचो, ढेकूळ उचलायचो, चाटायचो, डोळे मिटून विचार करायचो, थुंकायचो, पुढचं उचलायचो.

आता ही पारख मी जिथं करत बसलो होतो, त्याच नाल्यावरून अकोल्याकडची एक कापसाची गाडी चालली होती. गाडीवर माझा चुलत सासरा. त्यानं बैल थांबवले. बराच वेळ बघितलं, कपाळावर हात मारला आणि निघून गेला.

अकोल्याला, माझ्या सासरी, पोचेपर्यंत बातमीला शिंगं फुटली. जावई माती खातो. रोज खातो. गावोगावची मागवून खातो! आपल्याकडे माती कोण खातं हे काय कोणाला सांगायला पाहिजे? लेकरू खातं, त्याला जंत होतात. नाहीतर पोटुशी बाई खाते, तिला डोहाळे लागतात. मी लेकरू नव्हतो. मग उरलं काय? सासरच्या गल्लीत एकच हशा, "अवं माय, जावयालेच डोहाळे लागले!"

हसण्यासारखं होतं ते, मान्य. पण माझा जीव टांगणीला लागला. बायको तेव्हा माहेरी होती. लग्न लहानपणीच झालेलं, ती सणावाराला दोनदा काय ती आली असेल. आता तिला कायमची घरी आणायची वेळ झाली होती. आणि नेमका त्याच वेळी साहेबाचा तंबू हलणार होता, मेळघाटात, पार धारणीकडे. तो म्हणाला, चल माझ्याबरोबर, डोंगर आहेत तोवर काम आहे, बायकोलाही आण. दहा दिवसांत सांग, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मी गाडी जुंपली ती थेट अकोल्याला.

सासूबाईंनी पायावर पाणी घातलं, आणि हात पुसायच्या आत वावडिंगाचा काढा पुढं केला. जंतावरचा! मी मुकाट्यानं प्यालो. मग सासरेबुवा बैठकीत येऊन बसले.

"जावईबापू, तुमाले घरी जेवाले भेटत नाही काय?"

"मामाजी, ती माती खात नाई मी. पारखतो."

"सराफ सोनं पारखते. चाटत नाही."

मी सगळं समजावून सांगितलं, थिजलेला जाळ, मुरूम, फत्तर. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाजारात दुकान घेतलं तुमच्यासाठी. कापसाची आडत. गादीवर बसा नि पोरगी घेऊन जा. दगडाच्या मागं जासान तर खुशाल जा, पण पोरगी इथंच राहीन. माती खाणाऱ्याच्या घरी मी लेक धाडत नाही."

आतल्या दारामागं बांगड्या वाजल्या. एकदाच. मी तिकडे बघूही शकलो नाही, सासरा समोर बसलेला. दुकान घेतो म्हणावं तर ती दरड डोळ्यांपुढं यायची. नाही म्हणावं तर त्या बांगड्या. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात माझ्या मेहुण्या आल्या. तिघी सख्ख्या, आणि शेजारपाजारच्या मिळून पलटणच. थोरलीच्या हातात हळदकुंकवाचं ताट. "सरका बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आमाले डोहाळजेवण करायचं हाय. सातवा लागला म्हन्तात!" आणि मला धरून पाटावर बसवलं. डोक्यात झेंडू खोचला. हातात हिरव्या बांगड्या चढवायला बघत होत्या, पण त्या अंगठ्यापाशी अडकल्या. "उपरण्याचा पदर करा, जावईबापू." काय करता! केला. एकेक जण येऊन ओटी भरू लागली, गहू, सुपारी, खोबऱ्याची वाटी, आणि वर चिमूटभर माती. गाणं तर असं रचलं होतं की सांगायची सोय नाही. मी लाजून लाल, पण काय करू, हसू आवरेना. सासरेबुवा तोंड फिरवून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग गलका थांबला. दारातून ती आली. डोईवर पदर, मान खाली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची तर सोयच नव्हती, पण ओटी भरायला कोणाची मनाई? थोरल्या बहिणीला वाटलं, ही पण गंमत करते आहे. "ये ये, भर!" ती माझ्यासमोर बसली, आपला पदर सोडला आणि माझ्या उपरण्यात ओतला.

दगड! अकोल्याच्या मोर्णा नदीच्या पात्रातले. काळे, तांबूस, गारगोट्या, हिरवट खड्यांचे, आणि चिकणमातीचा एक पांढरट गोळा. प्रत्येक दगड धुतलेला. उपरणं माझ्या हातातून सुटता सुटता राहिलं. मी वर पाहिलं, तिनंही पाहिलं, आणि तिच्या खालच्या ओठावर पांढरी माती लागलेली होती.

सासऱ्यांनीही पाहिलं. त्यांनी गोळा उचलला. त्याच्या एका अंगाला चाटल्याची ओली खूण होती. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, लेकीच्या ओठाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काहून वं? तू बी?"

तिनं मान हलवली. होय म्हणून.

कोणी हसलं नाही. सासूबाई काढ्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या, तशाच राहिल्या. सासरेबुवांनी तो गोळा माझ्या ओटीत परत ठेवला. जपून ठेवला, हे मी विसरलेलो नाही. मग उठले, घसा खाकरला आणि अंगणात जाऊन ओरडले, "अरे, गाडी जुंपा रे! घेऊन जा म्हनाव हिले. इथं ठेवली तर भिंती चाटून टाकीन माह्या!"

आणि मग जे हसू फुटलं म्हणता! मीही हसलो, बांगड्या अडकलेल्या हातानं डोळे पुसत.

त्यानंतर किती डोंगर पाहिले, किती पोट्टे या कामाला लावले! कोणी वणीकडे कोळशावर गेला, कोणी रेल्वेच्या पुलांवर, कोणी गावोगाव विहिरींच्या जागा सांगत फिरतो. सगळ्यांना सांगतो, चालायला शिका, जागेवर लिहा, आणि घरी एकानं तरी तुमची माती चाखलेली असू द्या.

त्या दिवशी आम्हाला धारणीकडं पोचवायला सासऱ्यांनी चांदीच्या धावेचीच गाडी दिली. अकोला मागं पडलं. तेव्हा मी बायकोला विचारलं, "तू कधी चाखली?"

"लोक हसाले लागले तवा. पयल्या दिवशी थुकून देली. रडूच आलं."

"मंग?"

"मंग म्हटलं, तो मानूस येवढे बोल खाऊन रोज चाखून राहिला, त त्यात काही असंन. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली."

मी बैल हाकायचं विसरूनच गेलो. ते आपले आपण चालत राहिले.