धुण्याकडे वळलेली होडी

होडी पत्र्याची होती, हातभर लांब. तिच्या नाकावर प्रकाश ओळखणारे दोन डोळे होते. जिकडे उजेड जास्त, तिकडे ती आपण होऊन वळायची. कुणी सुकाणू न धरता तिनं तलाव ओलांडावा आणि वाटेत खोली मोजत जावी, हे आमच्या सोलापूरच्या कॉलेजातल्या सरांचं संशोधन. उजनीचं धरण तेव्हा बांधून होत होतं. सर म्हणाले होते, "धरण भरलं की तिथं मोठी होडी सोडू. तुमच्यापैकी एकालाच बरोबर नेईन."

ती एक मीच असावी, असं मला फार वाटायचं. डोळ्यांचं सगळं सोल्डरिंग मी केलं होतं. पण मी बोलायची नाही. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून वर्गातली मुलं हसत.

होडीच्या चाचणीआधी आठवडाभर मी सकाळी गावातल्या तलावावर जाऊन वाऱ्याची नोंद घेत होते. समोरच्या काठावर विणकरांच्या घरातल्या बायका पांढरी धोतरं खडकांवर वाळत घालत. उन्हात ती डोळ्यांना खुपत. तेही मी वहीत लिहिलं. सरांना सांगितलं मात्र नाही. सगळ्यांसमोर धुण्याची गोष्ट काय काढायची?

चाचणीला पुण्याहून संशोधनाला मंजुरी देणारे पाहुणे आले. पलीकडच्या काठावर एक मुलगा आरसा धरून उभा राहिला. होडी निघाली, अर्ध्यावर गेली आणि आरसा सोडून थेट धोतरांकडे वळली.

"अगं बाई, आमची धोतरं न्यायाला आली की गं!" एक बाई ओरडली. मुलं हसली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

सर गेले, गाळात रुतलेली होडी उचलून घेऊन आले. मी वही पुढे केली. त्यांनी ते पान वाचलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस गं?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढं संशोधनाला मंजुरी मिळाली नाही. वर्षभरात सरांची बदली झाली. होडी प्रयोगशाळेतल्या कपाटावर राहिली.

यंदा पुण्याला जाताना इंदापूरनंतर एसटीच्या खिडकीतून उजनीचं पाणी दिसलं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. कुठं धुणं नव्हतं, माणूस नव्हतं, नुसतं चमकणारं पाणी. वळण येईपर्यंत मी त्या पाण्यावर हातभर लांबीचं काहीतरी शोधत राहिले.