डाव्या खांद्यामागची बाई

तमाम टेनिसप्रेमींना, वनखात्याच्या आजीमाजी कर्मचाऱ्यांना आणि अहेरीच्या आठवडी बाजारात मला ‘चेंडूवाली’ अशी हाक मारणाऱ्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या डाव्या खांद्यामागे पाच वर्षं एक बाई उभी होती. ती दिसत नसे, बोलत नसे, पण माझे सामने तीच जिंकते अशी माझी पक्की खात्री होती. नागपूरच्या एका डॉक्टरांनी तिला पकडलं, तेही कागदावर.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मे महिन्याची दुपार होती आणि मी बावीस वर्षांची होते. डॉक्टरांच्या टेबलावर घड्या घातलेला लांबलचक कागद होता. माझ्या डोक्याला वीस-बावीस तारा चिकटवून त्यावर रेघा काढल्या होत्या. या तपासणीला ईईजी म्हणतात, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. दुखत नाही. केसांतला तो चिकट लेप मात्र तीन दिवस निघत नाही, तेव्हा चांगला शाम्पू घेऊन जा.

डॉक्टरांनी एका जागी बोट ठेवलं. बाकीच्या रेघा शहाण्यासारख्या चालल्या होत्या. एक मधूनच उभी झाली होती, विंचवाने नांगी उचलावी तशी.

“टेम्पोरल लोब एपिलेप्सी,” ते म्हणाले.

“म्हंजे?” बाबांनी विचारलं.

“मिरगी. पण हिची पडायची नाही. ही जागच्या जागी थांबते.”

बाबा उठले, दार नीट लोटून आले आणि म्हणाले, “हळू बोला डॉक्टर. बाहेर लोक बसून हायेत.”

बाहेर बसलेले सगळे लोक त्याच आजाराचे होते.

आता थोडं मागे जाते. बाबा वनखात्यात कारकून होते. मी चार वर्षांची असताना त्यांची नेमणूक भामरागडला होती. पावसाळ्यात नद्या चढल्या, रस्ता बंद झाला आणि मला ताप आला. तो डोक्यात गेला. आठ दिवस मी कोणालाही ओळखत नव्हते म्हणे. नद्या उतरल्या, तापही उतरला आणि सगळे तो विसरून गेले. फक्त माझा मेंदू विसरला नाही.

पुढे आम्ही अहेरीला आलो. तिथे वनखात्याच्या विश्रामगृहामागे साहेब लोकांसाठी बांधलेलं जुनं टेनिस कोर्ट होतं, शेणाने सारवलेलं. दर शनिवारी आई आणि आणखी दोघी जणी ते सारवत. शेणाच्या कोर्टावर चेंडू उसळत नाही, सरपटत येतो. जिला तो उचलता येतो तिला जगातलं कोणतंही कोर्ट गादीसारखं वाटतं. तेव्हाच्या एका अधिकाऱ्यांना भिडू मिळत नव्हता म्हणून त्यांनी मला रॅकेट दिली. तीन महिन्यांनी ते माझ्याशी हरले आणि पुढचा आठवडाभर बाबांशी बोलले नाहीत.

ती बाई पहिल्यांदा आली ती याच कोर्टावर. मी सतरा वर्षांची होते, डिसेंबरची भर दुपार होती. अचानक मोहाच्या फुलांचा वास आला, दाट, गोडसर. मोह फुलतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. डिसेंबरात तो वास येणं म्हणजे बंद घरातून कोणीतरी हाक मारण्यासारखं. मग सागाच्या झाडांतला पाखरांचा आवाज बंद झाला. चेंडू जाळीवरून आला आणि मला कळलं की हे सगळं पूर्वी घडलेलं आहे, असंच, याच उन्हात. आणि माझ्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, कोणीतरी उभं आहे.

ती डावीकडे झुकली. मीही झुकले. चेंडू तिथेच आला.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“पुन्हा असं बोलू नको, पोरी. आपल्यात असलं काही नसते.”

हे समजायला बाबांना ओळखावं लागेल. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते तरुण होते. त्या दिवसापासून आमच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा नव्हता, अंगात येणं तर नव्हतंच. शेजारी कोणाच्या अंगात आलं की बाबा त्या घरी थर्मामीटर घेऊन जात. त्यांना वाटलं, पोरीचं हे बोलणं वस्तीत गेलं तर उद्या लोक लिंबू आणि कोंबडी घेऊन दारात उभे राहतील. म्हणून त्यांनी ते दारच लावून घेतलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना भगताकडून दवाखान्यात नेलं, त्याने भुताचं नाव नको म्हणून स्वतःच्या मुलीचा आजारही ऐकला नाही. मीही गप्प बसले, कारण मला ती बाई हवी होती.

ती येऊ लागली तशी मी जिंकू लागले. आधी नागपूर, मग राज्य, मग देशभरच्या स्पर्धा. एकोणिसाव्या वर्षी मी व्यावसायिक खेळाडू झाले. जगाच्या यादीत माझं नाव छापून आलं, ते शोधायला भिंग लागे. बाबांनी भिंग विकत आणलं. प्रतिस्पर्धी खेळाडू मला घाबरत. मी म्हणे सर्व्हिस घेताना मध्येच पुतळ्यासारखी थांबते आणि समोरच्याच्या आरपार बघते. मला अर्थातच आनंद झाला. टेनिसमध्ये असा दरारा मिळवायला लोक वर्षं घालवतात.

माझी दुहेरीतली जोडीदार रेवती पुण्याची होती, तोंडाने फटकळ. एकदा ती म्हणाली, “अगं, तू मॅचमध्ये काय चघळतेस? सुपारी का?”

“काहीच नाही.”

“मग गाईसारखं तोंड कशाला हलवतेस? आणि मागे वळून कोणाकडे बघतेस? तिकडे भिंत आहे.”

मी हसून सोडून दिलं. मग मद्रासच्या स्पर्धेत, एकेरीच्या सामन्यात, एक गोष्ट झाली. मला आठवत होतं, मी दोन-एकने पुढे आहे. फळ्यावर पाहिलं तर तीन-एक. मधला एक अख्खा गेम माझ्याकडे नव्हता. सामना संपल्यावर मी रेवतीला विचारलं, “तो चौथा गेम कोण खेळलं?”

“तूच की,” ती म्हणाली. “फार सुंदर खेळलीस. पण तू खेळतेयस असं वाटत नव्हतं.”

रेवतीने त्याच संध्याकाळी बाबांच्या कार्यालयात फोन लावला आणि पुणेरी मराठीत त्यांना असं काही सुनावलं की पंधरा दिवसांत आम्ही नागपूरला डॉक्टरांसमोर होतो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तो टेम्पोरल लोब. वास, आठवणी, ओळखीचं-अनोळखी हे तो सांभाळतो. तिथे माझ्या लहानपणच्या तापाचा वण आहे. वणाच्या कडेला मधूनच ठिणगी पडते. मोहाचा वास म्हणजे ऑरा, झटक्याची आगाऊ वर्दी. सगळं आधी घडल्यासारखं वाटणं, मागे कोणी उभं असल्यासारखं वाटणं, तोंड हलणं, वेळ हरवणं, सगळा त्या एका वणाचा कारभार.

इतक्या थोडक्यात माझी बाई संपली. मला रडू आलं, पण ते आजाराचं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला जमीन तिरकी वाटे, चेंडूला शेपूट दिसे, दुपारी बाराला झोप येई. वास थांबला. बाईही थांबली. खांद्यामागची जागा अशी मोकळी पडली की मी दोनदा खरंच वळून पाहिलं. एकामागून एक सहा स्पर्धांत मी पहिल्याच फेरीत हरले. जगाच्या यादीत बाबांचं भिंगही काही करू शकेना.

तेव्हा मी तो गुन्हा केला, जो ही गोळी घेणाऱ्या तुमच्यापैकी निम्मे करणार आहेत, म्हणून लिहिते. नागपूरच्या मोठ्या स्पर्धेआधी मी गोळ्या बंद केल्या. कोणालाच सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी वास आला. मी दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात, दुपारी, पुन्हा तो गोड दाट वास, पुन्हा पाखरं गप्प. मी डाव्या खांद्यामागे तिची वाट पाहिली. तिथे कोणी नव्हतं. मग समोर पाहिलं. ती जाळीच्या पलीकडे उभी होती, माझेच कपडे घालून, आणि तिने चेंडू वर फेकला.

पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा मी वॉर्डात होते. जीभ दातांखाली फाटली होती, खांदा निखळून पुन्हा बसवला होता आणि तोंडाला कातड्याचा वास येत होता. कोणीतरी मला बूट हुंगवला होता. त्यातही माझाच.

कॉटशेजारी बाबा होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “ऊन लागलं जी तिले. नागपूरचं ऊन म्हंजे काई विचारू नका.” नर्सलाही तेच सांगत होते. नर्स माझ्या केसपेपरकडे बघत “हो का” म्हणत होती.

डॉक्टर आले. चिडले नाहीत. मी त्यांना विचारलंच, “पण ती असताना मी जिंकत होते.”

“जिंकत तुम्हीच होता,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांच्या सरावाने तुम्ही चेंडूवर आधी पोचत होता. झटका मागून येऊन म्हणायचा, मला ठाऊक होतं. ती बाई नुसती श्रेय घेऊन राह्यली होती तुमचं.”

आयुष्यात माझ्या खेळाचं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि तेही सलाईन लावलेलं असताना.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. बूट, कांदा, चमचा, किल्ली यांना त्यांच्या जागी राहू द्या. झटक्यात काय वाटतं ते डॉक्टरांना सांगा, कितीही भुताटकीचं वाटलं तरी. गोळी चुकवू नका, आणि आपल्या मनाने तर कधीच बंद करू नका. आणि काही काळ हराल, तेव्हा हरा. मला डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, दिवसातून तीनदा घ्यायचं, आणि चार महिन्यांत जमीन सरळ झाली. त्या डॉक्टरांचे आणि फोन लावणाऱ्या रेवतीचे उपकार मी मोजत बसत नाही. मी नंतर सात वर्षं खेळले.

फक्त माझ्यावर माझाच विश्वास उरला नव्हता. म्हणून गोळ्या बाबांकडे दिल्या. ते त्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. वेळ झाली की मला आडोशाला बोलावून, इकडेतिकडे बघून, कागदात गुंडाळलेली गोळी हातात सरकवत. बघणाऱ्याला वाटावं, बाप मुलीला अफू विकतो आहे. वर्षभर त्यांनी ‘मिरगी’ हा शब्द उच्चारला नाही. ‘तुझं ते’ म्हणत.

मग चंद्रपूरला स्पर्धा झाली. अख्खं वन कार्यालय बघायला आलं, अहेरीहून गाडी भरून माणसं आली. बाबा धुतलेल्या सदऱ्यात पुढच्या रांगेत. उपांत्य सामना अकराला सुरू झाला, बाराच्या गोळीआधी आटपेल म्हणून. तो आटपेना. तिसरा सेट साडेबाराला पाच-पाच. सामना मी पुढे हरले, हे इथेच सांगून टाकते.

सर्व्हिससाठी मी चेंडू हातात घेतला आणि वास आला. अगदी पातळ, लांबून वाऱ्यावर यावा तसा. पाखरं गप्प झाली. मी मागे वळले नाही. रॅकेट घट्ट धरून स्वतःला म्हणत राहिले, हा वण आहे, वण आहे. माझं तोंड हलू लागलंय हे मला कळलं नाही. पहिल्या रांगेतून ते एकट्या बाबांना कळलं.

अंपायरने इशारा केला, “प्ले.” मी हलले नाही. लोक कुजबुजू लागले. आणि बाबा, आमचे बाबा, साऱ्या कार्यालयाच्या, साऱ्या अहेरीच्या देखत खुर्चीवर उभे राहिले आणि ओरडले:

“ओ अंपायर साहेब, थांबवा तो खेळ! माह्या पोरीले मिरगी हाये, मिरगी! अन् तिची गोळी माह्या खिशात हाये!”