नाथाजीचा हात

कुंडल गावाजवळच्या त्या वाडीत घराचं जोतं असो, लग्नाचा मांडव असो, नाहीतर म्हशीचं दावं असो, माप एकच होतं: नाथाजीचा हात. उजवा, कोपरापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत. बाकीच्या जगात इंच होते, फूट होते, सांगलीच्या कापडपेठेत वार होता. वाडीनं त्यांच्याशी कधी भांडण काढलं नाही आणि त्यांना कधी वेशीच्या आतही घेतलं नाही.

ही नेमणूक झाली तेव्हा नाथाजी बावीस वर्षांचा होता. देवळापुढचा पार बांधायचा होता आणि दोन भावक्या आपापला लांब हाताचा गडी पुढं करत होत्या. गोष्ट कुऱ्हाडीवर आली, तेव्हा पंचांनी दोन्हीकडचा नसलेला, नुसती गंमत बघत उभा असलेला नाथाजी धरून आणला. त्याच्या हातानं पार बरोबर दहा हात झाला, आणि बिचारा जन्माचा कामाला लागला. हाताएवढी काठी कापून देवळात ठेवावी असं एका शहाण्यानं सुचवलं होतं. पंच हसले. "काठी रातोरात तासता येती, गड्या. माणसाचा हात कोण तासणार?"

तेव्हापासून नाथाजी त्या हाताला जपायला लागला. जड ओझं डाव्यानं, चुलीतलं लाकूड डाव्यानं, कुत्र्याला हाड् ते डाव्यानं. त्याची बायको राहीबाई म्हणायची, "आवं, हात गावाचा हाय, कबूल. पर जेवल्यावर ताट तर घरचं हाय, ते उचला की." कुणी थट्टेनं म्हणालं, की तात्या, घाईच्या वेळी डाव्या हातानं माप घेत जावा, तर नाथाजी शांतपणे सांगायचा, "डावा हात कशाला असतो ते समद्यास्नी म्हाईत हाय. त्यानं शुभाचं माप घेत न्हाईत."

एकदा सांगलीला धरणेंद्र शेटजींच्या दुकानात त्यानं मोजून झालेलं कापड पुन्हा स्वतःच्या हातानं मोजलं आणि शेटजींचा लोखंडी गज खोटा ठरवला. शेटजींनी गजावरचा सरकारी शिक्का दाखवला. नाथाजी म्हणाला, "शिक्का दिसला. पर गज कुणाच्या हाताचा हाय?" मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेटजींनी पीडा टळावी म्हणून चार बोटं कापड जास्त दिलं. नाथाजीनं वाडीत येऊन सांगितलं, की सरकार चार बोटं कमी भरतं. वाडीला ते आधीपासूनच वाटत होतं.

सेहेचाळीस साली त्याचा पुतण्या कृष्णात इटलीच्या लढाईवरून सुटून आला. त्यानं एक पोलादी पेटी, एक कांबळं आणि हातभर लांबीच्या गोष्टी आणल्या. पेटीत एक कापडी पट्टी होती. सिगारेटच्या एका डबीच्या बदल्यात ती त्यानं तिकडच्या शिंप्याकडून घेतली होती. तिच्यावर शंभर बारीक रेघा होत्या.

"ह्याला मीटर म्हंत्यात, तात्या," कृष्णात पारावर बसून सांगायला लागला. "तिकडं रस्ता ह्येच्यानं, कापड ह्येच्यानं, समदं ह्येच्यानं. ह्या गावात येक, त्या गावात येक, असं न्हाई. आन् हिशेब दहाचा. सोळा आणे, चाळीस शेर असली कटकटच न्हाई."

"आसं. मंग हे कुणाच्या हाताचं?"

"कुणाच्याच न्हाई. फ्रान्समदी येक दांडी कुलपात ठेवलीया. तिच्याबरुबर समद्यांचं."

नाथाजीनं विचार केला. "म्हंजी तिकडं बी येकाच्याच इस्वासावर चालतंय. फकस्त तो बोलत न्हाई, जेवत न्हाई, आन् बोलावल्यावर येत बी न्हाई. आमचा बरा."

पार हसला. कृष्णात हट्टी होता, काकाच्याच घरातला. त्यानं नाथाजीचा हात धरून पट्टीवर ठेवला, बोट टेकलं तिथं कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून जांभळी रेघ ओढली. "सत्तेचाळीस. तुमी सत्तेचाळीस भरता, तात्या."

नाथाजीला राग आला, आणि खरं सांगायचं तर बोचलंही. आपण एवढं गावाचं माप, आणि त्या चिंधीवर निम्म्याच्याही अलीकडं. "चिंधीवर रेघा वडून कुणी मोटं हुईत न्हाई," एवढं बोलून तो घरी गेला आणि चार दिवस पुतण्याशी बोलला नाही.

त्याच हिवाळ्यात आप्पासो पाटलांचं गुऱ्हाळ लागलं. नाथाजी चरकात ऊस घालायला बसला होता, आणि यंदाचा ऊस किती हात झाला हे शेजारच्याला सांगत होता. सांगताना उजवा हात दाखवायची सवय. बैलं फिरत होती, चरकाला कुणाचा मान कळत नाही. मधल्या बोटाचं वरचं पेर उसाबरोबर गेलं.

माणूस वाचला, बोट भरून आलं. वाडी भेटायला येऊन गेली. हळहळली सुद्धा, पण मापाचं काय, हे कुणी काढलं नाही. काढायचं कसं? माणूस अंथरुणात असताना त्याला 'तुम्ही आता कमी भरता' म्हणायचं?

पुढं आडाचा दोर झिजला. आडाला चाळीस हात दोर लागायचा, हे सगळ्या बायकांना पाठ. नाथाजीनं नवा दोर मोजला, पहिल्यासारखाच, मान ताठ ठेवून. हात तो हातच, असं त्यानं मनाला ठणकावून सांगितलं होतं. सकाळी राहीबाईनंच पहिली घागर सोडली. दोर संपला तरी घागर वाजली नाही. वाकून बघते तर घागर पाण्याच्या वर दोन हातांवर लोंबत होती. राहीबाईनं दोर वर ओढला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आडाचं पानी खाली गेलंया, बाई." भर पौषात. पावसाळा चांगला झालेला. कुणीही तिला खोटं पाडलं नाही, आणि घरी आल्यावर नवऱ्याला तिनं फक्त एवढंच विचारलं, "दुखतंय का अजून?"

त्या रात्री नाथाजी जेवला नाही. नंतर त्यानं तोड काढली. हात टेकवायचा आणि बोटापुढं गेलेल्या पेराएवढी जागा मोकळी सोडायची. झालं, वाडीच्या मापात आता पेरभर हवा आली. आता ही हवा रोज सारखी कशी भरावी? सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. ज्यानं चहा पाजला त्याची भरघोस, ज्यानं मागं कधी टोमणा मारला त्याची चिंचोळी. नाथाजी मुद्दाम करत नव्हता हो. पण पंचवीस वर्षांत ज्याच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, त्याच्या हवेवर लोक आता पैजा लावायला लागले.

ते फुटलं अर्जुना आणि नानासोच्या वाटेवरून. दोघं शेजारी. मधली वाट आठ हात, भरली गाडी जाण्यापुरती. अर्जुनानं नवी भिंत घातली, नानासो म्हणाला वाट खाल्ली. पंच जमले, नाथाजीला बोलावलं. तो गुडघ्यावर बसला, हात टेकवला आणि हवा सोडली. मागून नानासो म्हणाला, "तात्या, हवा जरा लय झाली." अर्जुना म्हणाला, "कमी झाली." आणि सगळी वाडी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, रस्त्यावर बसून पेर किती लांब असतं यावर भांडायला लागली. नाथाजी मातीत गुडघे टेकून तसाच. त्याला वाटलं, उठावं आणि कृष्णेच्या काठानं सरळ चालत जावं, वाईपर्यंत, कुणी ओळखणार नाही तिथं.

कृष्णात घरी जाऊन पट्टी घेऊन आला. "ह्येच्यावर तात्याचा हात हाय. पुरा. बोट व्हतं तवाचा."

"रेघ खरी कशावरनं?" नानासो.

"पार दहा हात हाय ना? तात्यानं बावीस वर्साचा असताना मोजलेला. चला मोजू."

अख्खी वाडी पाराकडं गेली. कृष्णात जांभळ्या रेघेपर्यंत पट्टी लावत गेला, एक, दोन, तीन. दहाव्याला रेघ पाराच्या कडेवर येऊन बसली, केसाचा फरक नाही. नाथाजीनं डोळे पुसले. पाराची धूळ गेली म्हणाला.

इथं कृष्णातला वाटलं, वाडीनं मीटर घेतला. त्यानं उरलेल्या रेघा दाखवायला सुरुवात केली. आप्पासो पाटील म्हणाले, "त्या तुज्या इटलीवाल्याच्या. आमाला हितपत्तूरच पायजे. फुडचं र्‍हायलं तर कोनतरी चुकून तितवर मोजंल. कात्री आना कुनीतरी." सगळ्यांना पटलं. आता वाडीला पटलं म्हणजे ब्रह्मदेवाला पटलं. कृष्णात बिचारा हिशेब सांगतोय, पुढच्या त्रेपन्न रेघा सांगतोय, ऐकतंय कोण? अंजना शिंपिणीच्या घरून कात्री आली. आप्पासोंनी पट्टी ताणली, पातं जांभळ्या रेघेवर ठेवलं.

"कापू नगासा."

नाथाजी पुढं आला होता. या चिंधीला त्यानं वर्षभर नावं ठेवली होती. त्यानं उजवा हात आप्पासोंच्या समोर धरला, थोटं बोट वर करून.

"आप्पासो, कापल्यावर माप न्हाई र्‍हात. मला इचारा."

आप्पासोंनी कात्री खाली ठेवली. मग नानासोच म्हणाला, "तात्या, वाट मोजायची र्‍हायलीया."

वाटेवर सगळे परत आले. पट्टी ताणायला दोन माणसं लागतात. एक टोक कृष्णातनं धरलं. दुसरं नाथाजीनं उजव्या हातात घेतलं, पण थोट्या बोटातून ते दोनदा निसटलं. मग त्यानं ते डाव्या हातात धरलं, घट्ट, भिंतीला टेकवून. शुभाचं काम होतं, पंच उभे होते, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. वाट आठ हात भरली.